दिवाळे कोळीवाड्यातले मिस्त्री आणि माझी सव्वातेरा फुटी होडी

ज्यांच्याकडे जुनी लाकडी शिडाची होडी आहे आणि तिची मागची फळी बोटाला मऊ लागायला लागली आहे, त्यांच्यासाठी हे लिहितेय. बेलापूरला दिवाळे गावात, जेट्टीकडे जाताना, मासेमारीच्या होड्या दुरुस्त करणारे एक मिस्त्री आहेत. त्यांना विचारलेलं नाही म्हणून नाव-नंबर इथे देत नाही. होड्यांचे मिस्त्री कुठे बसतात, असं गावात कुणालाही विचारा.

माझी होडी एंटरप्राइझ जातीची, प्लायवूडची. ब्रिटिश होडी-डिझायनर जॅक होल्टचं १९५६ सालचं डिझाइन. एनसीसीच्या नेव्हल विंगमध्ये याच जातीच्या होडीवर मी शीड सांभाळायला शिकले, त्यामुळे मोडीत निघालेली एक दिसली तेव्हा राहवलं नाही. नेरूळला सोसायटीच्या आवारात ताडपत्रीखाली असते. भरतीची वेळ बघून ट्रॉलीवरून खाडीवर नेते.

तीन वर्षांपूर्वी ट्रान्समचा, म्हणजे मागच्या आडव्या फळीचा, डावा कोपरा काळा पडला. तेव्हा फर्निचरच्या एका सुताराने पुट्टी भरून वर ऑइलपेंट मारून दिला. दिसायला सुरेख. एका पावसाळ्यात रंगाला फोड आले आणि सुकाणूची बिजागरी हलायला लागली.

मिस्त्रींनी आधी पटाशी उलटी धरून तिच्या मुठीने फळी इंच-इंच ठोकत नेली. खणखणीत, खणखणीत, मग एकदम बद्द. तिथे पेचकस टेकवला तर तो पिकल्या चिकूत जावा तसा आत गेला. पुट्टी उकरली तेव्हा आतलं लाकूड तपकिरी, चौकोनी भेगांचं झालेलं, चिमटीत धरलं की भुगा. बिजागरीचा एक पितळी स्क्रू फिरवताच तुटला. त्याचा तुकडा त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. तुटलेली जागा पिवळी नव्हती, गुलाबी होती. खाऱ्या पाण्याने पितळेतलं जस्त खाऊन टाकलेलं, उरलं ते नुसतं ठिसूळ तांबं.

मी म्हटलं, खाडीच्या पाण्यानेच लाकूड गेलं असेल. ते म्हणाले, "नाय ताई, खारा पानी लाकडाला नाय खात. पावसाचा गोडा पानी आत साचतो ना, तो खातो." आणि आतल्या कोपऱ्यात बोट घातलं. तिथलं पाणी वाहून जायचं भोक आधीच्या दुरुस्तीत पुट्टीने बुजलं होतं. वरून माझी ताडपत्री घट्ट बांधलेली, हवा खेळायला जागाच नाही. इतकी वर्षं मी रंगच बदलत बसले होते. मूळ दुखणं दाखवणारा हा पहिलाच माणूस.

पुढचे तीन आठवडे त्यांनी काहीच केलं नाही. होडी सावलीत उघडी वाळत ठेवली. मी अस्वस्थ, पण ओल मोजायच्या माझ्या यंत्रावर पहिल्या दिवशी २७ टक्के आकडा होता, आणि २० च्या वर ओल राहिली की बुरशीला रान मोकळं. तो १३ वर आला तेव्हा काम सुरू झालं. मिस्त्री यंत्राकडे बघतही नव्हते. रंध्याचा पापुद्रा चुरगळून ठरवायचे.

कुजकं लाकूड कापताना हात आखडला नाही. डाग चार इंचांचा होता, कापलं नऊ इंच, निरोगी लाकूड लागेपर्यंत. आतल्या कोपऱ्याला जुन्या दाराच्या चौकटीचं सागवान, फळीला आयएस ७१० (मरीन प्लायचं भारतीय मानक) शिक्क्याचा मरीन प्लाय. बाहेरच्या कडपट्टीचा सांधा एकास आठ उताराचा, म्हणजे वीस मिलिमीटर जाडीला सव्वासहा इंच तिरपा. इपॉक्सी, म्हणजे दोन भाग कालवून लावायचा पक्का गोंद, आधी पातळ पाजला, मग भुसा कालवून जाड. स्क्रूची भोकं गिरमिटाने मोठी केली, इपॉक्सीने भरली आणि दुसऱ्या दिवशी त्यातच नवीन भोकं पाडली, म्हणजे स्क्रूवाटे पाणी लाकडात उतरत नाही. पाण्याचं भोक मोकळं करून त्याची आतली कडही इपॉक्सीने बंद केली.

मजुरी साडेअकरा हजार, सामान वेगळं. बिल मिळत नाही. वाळवण धरून महिना सांगितला होता, लागले दोन. फोन क्वचित उचलतात, समोर जाऊन उभं राहावं लागतं. एक चूक झाली: आतल्या पट्टीला दोन साधे लोखंडी स्क्रू लागले आणि महिन्याभरात गंजाचे ओघळ आले. दाखवल्यावर काही न बोलता त्यांनी ३१६ स्टीलचे, म्हणजे खाऱ्या पाण्यात सहसा न गंजणारे, लावून दिले, पैसे घेतले नाहीत. व्हार्निशचं काम मात्र त्यांच्याकडे नको. ते मी घरी केलं, सहा हात, प्रत्येक हातानंतर पॉलिशपेपर. नवा तुकडा रंगाने वेगळा ओळखू येतो. मला तो तसाच आवडतो.

मे ते जुलै तिकडे जाऊ नका. १ जूनपासून मासेमारी बंद होते, गावातल्या सगळ्या होड्या वर ओढलेल्या असतात आणि मिस्त्रींचं पोट त्या कामावर आहे. मलाही त्यांनी "नारळी पुनवंनंतर या" असंच सांगितलं होतं.

त्यानंतरचा एक अख्खा पावसाळा गेला. परवा पटाशीच्या मुठीने मी स्वतः ट्रान्सम ठोकून बघितला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. सगळा खणखणीत. बसायच्या मधल्या फळीचं उजवं टोक मात्र जरा बद्द वाजलं. या रविवारी ती फळी सोडवून दिवाळ्याला नेणार आहे.