विश्रामबागेतला स्टील डिटेलिंगचा क्लास: तीन महिने, १८ हजार

टेक्ला, म्हणजे स्टीलच्या सांगाड्याचं मॉडेल करून त्यातून कारखान्यासाठी ड्रॉइंग काढायचं सॉफ्टवेअर, शिकायला पुणंच गाठायला पाहिजे असं काही नाही. मी तासगावहून एसटीने सांगलीच्या विश्रामबागला येऊन-जाऊन हा क्लास केला. फी दोन हप्त्यांत घेतात. क्लासचं नाव मुद्दामच लिहीत नाही, तक्रारीही सांगायच्या आहेत.

माझा सिव्हिलचा डिप्लोमा. ऑटोकॅडमध्ये बंगल्यांचे प्लॅन काढून हात बसलेला, त्यामुळे हेही तसलंच असेल असं वाटलेलं. पण इथे रेघा मारायच्याच नसतात. आयएसएमबी ३०० (३०० मिमी उंचीचा आय आकाराचा बीम) निवडून दोन टोकं दाखवली की आख्खा बीम उभा राहतो, आणि ड्रॉइंग मागाहून त्यातूनच निघतं. पहिले दोन दिवस मी नुसती बघत बसले.

सर शिकवतात मराठीतून आणि मन लावून. वजन सॉफ्टवेअर आपोआप देतं, तरी प्लेटचं वजन आधी वहीत काढायला लावायचे. १० मिमी जाडीला चौरस मीटरमागे ७८.५ किलो, म्हणजे २५० बाय २०० मिमीची गसेट प्लेट (सांध्यावर जोडायची प्लेट) ३.९ किलो. फार चिडचिड व्हायची. मग एके दिवशी माझ्या यादीत तीच प्लेट ३९ किलोची दिसली आणि जाडीत शून्य जास्त पडलंय हे तिथल्या तिथे कळलं.

नंबरिंगचंही तसंच. दिसायला एकसारख्या दोन प्लेटांना वेगवेगळे मार्क, म्हणजे ओळख-नंबर, पडले. सरांना विचारलं तर, "तूच शोध," म्हणून चहाला गेले. पाऊण तासाने सापडलं: एकीचं भोक २ मिमी सरकलेलं.

आता तक्रारी. मशिनं, म्हणजे कॉम्प्युटर, १२ आणि बॅचमध्ये पोरं १९. जाहिरातीत १०० टक्के प्लेसमेंट, हातात पडले दोन कंपन्यांचे ईमेल पत्ते. ड्रॉइंगमध्ये वस्तूची कुठली बाजू कुठे मांडायची याची अमेरिकन कामासाठी थर्ड अँगल पद्धत वापरतात, हे शेवटच्या आठवड्यात घाईघाईने उरकलं; आपल्या फर्स्ट अँगलच्या सवयीने मी एक ब्रॅकेट चक्क उलट्या हाताचं काढून ठेवलं होतं.

पण खरा राग वेगळाच आहे. कुपवाड एमआयडीसी रिक्षाच्या अंतरावर, आणि तीन महिन्यांत एकदाही आम्हाला फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये नेलं नाही. त्याची किंमत मी नोकरी लागल्यावर मोजली. बीमच्या टोकाला वेल्ड करायची एंड प्लेट लहान ठेवायची म्हणून मी बोल्टांचं गेज, म्हणजे बोल्टांच्या दोन ओळींमधलं अंतर, ६० मिमी धरलं. वेबपासून (बीमच्या मधल्या उभ्या भागापासून) बोल्टच्या मध्यापर्यंत जेमतेम २६ मिमी, त्यात ६ मिमीचा वेल्ड. भाग एकमेकांत घुसतात का हे बघणारा सॉफ्टवेअरचा क्लॅश चेक स्वच्छ. शेडमध्ये जोडून बघताना फिटरकाकांनी मला खाली बोलावलं. एम२० चा (२० मिमी बोल्टचा) नट बोटाने फिरवून बसवला, मग ३० चा पाना लावला. पाना वेल्डवर अडला.

"म्याडम, नट बसतोय. पर पाना फिरवायचा कुठनं?"

आठ बीम होते, दोन्ही टोकांच्या सोळा प्लेटा गॅसने कापून काढल्या. मालक एक शब्द बोलले नाहीत, तेच जास्त लागलं. बोल्टभोवती पान्यासाठी जागा धरायची सेटिंग क्लॅश चेकमध्येच असते हे मला त्या रात्री कळलं. क्लासमध्ये ती कुणी उघडूनही दाखवली नव्हती.

तरी पैसे वाया गेले असं म्हणणार नाही. सॉफ्टवेअरचा पाया पक्का होतो, सर शंका टाळत नाहीत. घ्यायचाच असेल तर सकाळी ८ ची बॅच घ्या, मशीन एकट्याला मिळतं. आणि ओळखीतलं कुणी कुपवाडला कामाला असेल, तर क्लास सुरू असतानाच एखादा शनिवार त्याच्याबरोबर शेडमध्ये काढा. गुरुवारी नको, आमच्याकडे तरी त्या दिवशी लोड होणाऱ्या ट्रकची गडबड असते, कुणी बोलत नाही.