स्टेशनबाहेरची पासवरची सायकल : वर्षभराचा अनुभव

भुसावळ ते जळगाव अपडाऊन करायला मला सतरा वर्षं झाली. गाडी अर्ध्या तासात आणून सोडते. कटकट सुरू होते ती स्टेशनच्या बाहेर. चौथी सवारी मिळेपर्यंत रिक्षा हलत नाही आणि माझं ऑफिस आकाशवाणी चौकाच्या अलीकडे, जेमतेम अडीच-तीन किलोमीटरवर. तेवढ्यासाठी जाऊन-येऊन चाळीस रुपये, वर महिन्यातून दोनदा तरी लेट मार्क.

गेल्या एप्रिलपासून मी स्टेशनजवळच्या एका दुकानातून पासवर सायकल घेते. दुकानाला पाटी नाही. सगळे ‘नानांच्या सायकली’ म्हणतात. बावीस सायकली, प्रत्येकीच्या मडगार्डवर पिवळ्या ऑइलपेंटने नंबर. महिन्याचा पास ३५० रुपये, अनामत ५०० आणि आधार कार्डाची झेरॉक्स. पास नसेल तर एका फेरीचे दहा रुपये. चार आकडी कुलूप असतं, त्याचा नंबर दर सोमवारी व्हॉट्सअपवर येतो. ॲप वगैरे काही नाही, वहीत नोंद होते.

भाड्याच्या सायकली आपल्याला नव्या नाहीत. माझ्या लहानपणी भुसावळला तासावर सायकल मिळायची. दुकानदार अनामत मागायचा नाही. ‘कोणाची पोरगी?’ एवढंच विचारायचा. कैची मारत मी तिथेच सायकल शिकले. पण ती सायकल घेतली तिथेच परत आणावी लागायची, तासाच्या आत. म्हणून ती खेळायला ठीक होती, कामावर जायला तिचा उपयोग नव्हता.

नानांनी नेमकं तेच बदललंय. माझ्या ऑफिसपासून दोन मिनिटांवर त्यांच्या धाकट्या भावाचं पंक्चरचं दुकान आहे. सायकल स्टेशनवर घ्या, तिथे लावा आणि विसरून जा. संध्याकाळी तिथून कुठलीही उचला, स्टेशनवर सोडा, गाडी पकडा. माझ्या मते सगळी किमया या दुसऱ्या टोकात आहे. मी आधी स्वतःची सायकल जळगावच्या स्टँडवर ठेवून पाहिली होती. दिवाळीच्या सुट्टीनंतर आले तर दोन्ही चाकं बसलेली, सीटवर बोटभर धूळ, आणि हवा भरायला ती हातात धरून चालत न्यावी लागली. चार महिन्यांत भाच्याला देऊन टाकली. सायकल चालवायचा कंटाळा मला कधीच नव्हता, ती सांभाळायचा होता.

मी दहाला सोडलेली सायकल दिवसभर उभी राहत नाही, हे मला सीटवरून कळलं. सकाळी माझ्या उंचीला लावलेली सीट संध्याकाळी वीतभर वर गेलेली असायची. दुपारी क्लासची उंच मुलं तीच सायकल नेतात. रोज खटका सैल करून अंदाजाने सीट बसवणं जमेना, म्हणून मी १४ नंबरच्या सीटच्या दांडीवर नेलपॉलिशने मरून रंगाची रेघ मारली. पंधरा दिवसांनी तिच्या दोन बोटं वर एक गुलाबी रेघ आली. गणपतीच्या सुमारास सगळ्यात वर निळ्या पेनाची. आम्ही तिघं एकमेकांना ओळखत नाही. पण एकच सायकल रोज तीन माणसं चालवतात हे त्या दांडीवर दिसतं, आणि हवा कमी असली की आमच्यातलं कोणीतरी वहीत आधीच लिहून ठेवलेलं असतं.

माझा भाचा शिकायला नेदरलँड्समधल्या उट्रेक्टला आहे. तिथल्या स्टेशनखाली साडेबारा हजार सायकलींचा तळ आहे, २०१९ मध्ये पूर्ण झालेला. तिथे रेल्वे स्टेशनांवरच भाड्याची सायकल मिळते. गाडीतून उतरायचं, कार्ड दाखवून सायकल घ्यायची आणि काम झालं की त्याच स्टेशनवर परत करायची. दुसरीकडे सोडली तर जादा पैसे. तिथे ते निभतं. आपल्याकडे बावीस सायकलींत निभावायचं तर सायकल दिवसभर फिरती राहिली पाहिजे. आपल्या देशात म्हैसूरला जून २०१७ मध्ये साडेचारशे सायकलींनी सुरुवात झाली. तिथे सायकलींना ठरलेले थांबे आहेत, एका थांब्यावर घेऊन दुसऱ्यावर लावता येते. पुण्यातही त्याच वर्षाच्या शेवटी सायकली आल्या. तिथे पक्का थांबा नव्हता, कुलूप लावून कुठेही सोडा. दोन-तीन वर्षांत त्यातल्या बहुतेक रस्त्यावरून गेल्या. मी तेव्हा पुण्यात मावसबहिणीकडे गेले असताना फूटपाथवर आडवी पडलेली, सीट नसलेली सायकल पाहिली होती. पंक्चरवाल्याच्या नजरेसमोरची सायकल अशी पडत नाही.

तक्रारीही आहेत. पहिली साडेपाचची. सकाळी सगळ्यांना स्टेशनकडून यायचं असतं, संध्याकाळी सगळ्यांना तिकडेच जायचं, आणि मधे क्लासची मुलं उशीर करतात. नानांचा मुलगा एका सायकलवर बसून दुसरीचं हँडल डाव्या हाताने धरून भर रहदारीतून सायकली ओढत आणतो. त्याच्याकडे पाहताना जीव मुठीत येतो. एक हातगाडी केली तर चार-पाच एकदम येतील, हे मी नानांना दोनदा सांगितलंय. महिन्यातून तीनदा तरी मला सायकल मिळाली नाही आणि पुन्हा रिक्षा करावी लागली.

दुसरी तक्रार दांडीच्या सायकलींची. बावीसपैकी बिनदांडीच्या फक्त पाच, चाकाला जाळी असलेल्या दोन. साडी नेसून येणाऱ्या बायकांनी काय करायचं? माझ्या ऑफिसातल्या ताई पहिल्या दिवशी दांडी पाहून ‘माय व!’ म्हणून मागे सरल्या, त्या परत आल्याच नाहीत. लेडीज सायकल सगळ्यांना चालते, पुरुषांनाही. पुढच्या सगळ्या तशाच घ्याव्यात.

उन्हाचं म्हणाल तर मे महिन्यात जळगावचं ऊन पंचेचाळिशीच्या पुढे जातं हे आपल्याला कोणी सांगायला नको. सकाळी साडेनऊला निभतं. संध्याकाळी सीटला हात लावला तर चटका बसतो. पंक्चरवाले दादा सीटवर ओलं गोणपाट टाकून ठेवतात, हे मला फार आवडलं. तरी मे महिन्यात मी आठ दिवस रिक्षानेच गेले. पावसात ब्रेक लागत नाहीत, ते मात्र ऊन-पावसावर ढकलून चालणार नाही. रबर दोनशे रुपयांचंही नसतं, जूनच्या आधीच बदलायला हवं.

आणि रस्ता. नेहरू चौक, कोर्ट चौक, स्वातंत्र्य चौक इथवर सायकल सरळ जाते. त्यापुढे हायवे. बहीण महाबळला राहते, तिच्याकडे जाताना आकाशवाणी चौकात मी उतरून सायकल हातात धरूनच पलीकडे जाते. ट्रकच्या बाजूने ती वळवायची माझी हिंमत होत नाही आणि कोणी करूही नये. पासवर सायकल देणारा नाना आपल्याला मिळाला, हायवे ओलांडायची सोय त्याच्या हातात नाही. ती महापालिका आणि हायवेवाल्यांनीच करायची आहे.

नानांना एकच मागणं : तिसरा थांबा नवीन बसस्थानकाजवळ करा. चोपडा, यावल, धरणगावकडून एसटीने येणारी किती माणसं तिथे रिक्षाची वाट बघत उभी असतात.

मी पुढच्या वर्षाचे पैसे भरलेत. नव्याने पास काढणाऱ्यांनी सकाळी नऊ पस्तीसच्या आत पोचावं, बिनदांडीच्या पाच सायकली तेवढ्यातच संपतात.