सोलापुरातच काम करायचंय, तर मानसोपचार शिकायचा कुठे?

एमबीबीएस झालंय. बॉण्डचं वर्ष करमाळा किंवा सांगोल्याकडच्या आरोग्य केंद्रात गेलंय. पीजीला सायकियाट्री घ्यायचं मनात आहे, पण घरी अजून बोलला नाहीत, कारण ‘वेड्यांचा डॉक्टर होणार का?’ हा प्रश्न कुणीतरी काका विचारणारच. एवढं मात्र पक्कं आहे की शिकून झाल्यावर काम सोलापूर जिल्ह्यातच करायचं. अशांसाठी हा आढावा आहे. पुण्या-मुंबईत प्रॅक्टिस टाकायची असेल, तर तुमचा हिशेब वेगळा आणि बराच सोपा आहे.

मार्ग मुख्यतः तीन. पहिला, निम्हान्स (बंगळुरूची राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्था), मुंबईचं केईएम किंवा पुण्याचं बी. जे. अशा मोठ्या संस्थेत एमडी. दुसरा, आपल्या सोलापूरच्या डॉ. वैशंपायन शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात एमडी. तिसरा, एमडी न करता वैद्यकीय अधिकारी म्हणून राहून छोटं प्रशिक्षण घेणं. तिसऱ्याला लोक मार्गच मानत नाहीत. मला ते पटत नाही, त्याबद्दल पुढे सांगतो.

आधी काम काय आहे ते बघा

देशात लाख लोकांमागे पाऊण मानसोपचारतज्ज्ञ आहे, असा ०.७५ चा आकडा नेहमी दिला जातो. निदान ३ तरी हवेत असं मानतात. २०११ च्या जनगणनेत सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या ४३ लाखांवर होती. तीनच्या हिशेबाने सव्वाशेहून जास्त तज्ज्ञ लागतील, देशाच्या सरासरीने बत्तीसच्या आसपास मिळतील. त्यातलेही बहुतेक शहरात बसणार, हे सांगायला सर्वेक्षण नको. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्र नव्हता, पण ज्या बारा राज्यांत ते झालं तिथे वेगवेगळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचलेलेच नव्हते.

आता अकरा तालुके नजरेसमोर आणा. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापुरात घरात कन्नड चालते. शहराच्या पूर्व भागात, यंत्रमाग आणि विडीच्या वस्त्यांत, तेलुगू. बाकी मराठी, आणि दखनी उर्दू. तुम्हाला यातली एकच भाषा येत असेल तर निम्म्या केसेस तुम्ही नातेवाइकाच्या तोंडून ऐकणार. सुनेचं दुखणं सासूने भाषांतर करून सांगितलं, तर त्यात नवऱ्याची दारू येणार नाही आणि मारहाण तर नाहीच नाही. ही अडचण कुठल्याही पाठ्यपुस्तकातल्या मुलाखतीच्या प्रकरणाने सुटत नाही.

मग ऊसतोडीची माणसं. दिवाळीच्या सुमारास टोळी कारखान्यावर जाते ती उन्हाळ्याच्या तोंडावर परतते. अशा माणसाला ‘पंधरा दिवसांनी दाखवा’ म्हणणं म्हणजे न दाखवण्याची परवानगी देणं. त्याला डेपो इंजेक्शन (एकदा दिलं की काही आठवडे पुरणारं) द्यायचं का, किती महिन्यांच्या गोळ्या द्यायच्या, लिथियम सुरू करायचं तर रक्तातली पातळी कुठे तपासायची, हे ठरवता येणं म्हणजे इथलं कौशल्य.

याच्या जोडीला फिट येणारे रुग्ण. खेड्यात फिटचा रुग्ण न्यूरॉलॉजिस्टकडे नाही, मनोविकारवाल्याकडेच येतो, तोही देवऋषी झाल्यावर. शेतीचं औषध प्यायलेला मेडिसिनच्या वॉर्डात शुद्धीवर आला की कॉल तुम्हाला. दारू अचानक बंद झाल्याने तिसऱ्या दिवशी बरळू लागलेला माणूस ऑर्थोपेडिक्सच्या खाटेवर असतो, कारण तो मुळात पाय मोडून आलेला असतो. बाळंतपणानंतर बिघडलेल्या बाईला ‘बाहेरचं’ झालंय म्हणून आठवडाभर कुठेतरी फिरवून आणलेलं असतं. आणि प्रमाणपत्रं! २०१६ च्या दिव्यांग कायद्यापासून मानसिक आजार, बौद्धिक दिव्यांगत्व, स्वमग्नता, अध्ययन अक्षमता हे सगळं यादीत आहे. त्या कागदांसाठीची रांग ओपीडीचा मोठा भाग खाते. त्याबद्दल कुरकुर करणारे बरेच भेटतात. पण त्या कागदावर घरचं पेन्शन अवलंबून असतं, म्हणून आयडियास ही मानसिक दिव्यांगत्व मोजायची मोजपट्टी नीट वापरता येणं ही चैन नव्हे.

रेल्वे स्टेशनवर, पंढरपुरात वारी उलगल्यावर, मागे राहिलेली माणसंही असतात. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम १०० पोलिसांवर त्यांची जबाबदारी टाकतं. पोलीस त्यांना घेऊन तुमच्याचकडे येतात.

मोठी संस्था

निम्हान्सला प्रवेश आयएनआय-सीईटी या राष्ट्रीय संस्थांच्या वेगळ्या परीक्षेने, केईएम आणि बी. जे. ला नीट-पीजीने. मोठ्या संस्थेचं सर्वात मोठं भांडवल म्हणजे शिकवणारी माणसं. बालमानसोपचार, व्यसन, वृद्ध, न्यायवैद्यक असे वेगळे विभाग. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आणि सायकियाट्रिक सोशल वर्कर तुमच्याच टीममध्ये. तुम्ही घेतलेली थेरपीची सत्रं कुणीतरी ऐकतं, चुका दाखवतं. हे तीन वर्षं मिळालं तर माणूस घडतो, यात वाद नाही.

गंमत अशी की गावासाठीच्या मानसोपचाराचा सर्वात विचारपूर्वक आखलेला अनुभवही बंगळुरूतच आहे. निम्हान्सने साकलवाडा या खेड्यात समाजाधारित केंद्र चालवलं. १९८० च्या दशकात बळ्ळारी जिल्ह्यात आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना शिकवून सेवा गावापर्यंत नेली, आणि १९९६ चा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम त्याच नमुन्यावर बेतला. म्हणजे ‘मोठी संस्था गावापासून तुटलेली’ हे वाक्य निम्हान्सला तरी लागू नाही. मुंबई-पुण्याच्या महाविद्यालयांबद्दल मी एवढ्या ठामपणे बोलणार नाही. तिथे समाजाधारित काम कितपत होतं ते विभागप्रमुखावर ठरतं. बी. जे. ला येरवड्याचं मनोरुग्णालय जवळ आहे, आणि वर्षानुवर्षं तिथेच राहिलेले रुग्ण पाहणं हा वेगळाच धडा आहे. सोलापुरातून पाठवलेले रुग्ण शेवटी पोहोचतात तेही तिथेच.

आणखी एक फायदा कुणी मोजत नाही: बंगळुरूत तीन वर्षं काढली तर कन्नड येते. सोलापूरची कन्नड वेगळ्या वळणाची, पण पाया तयार होतो. अक्कलकोटच्या म्हातारीशी मधे कुणी न बसवता बोलता येणं ही मुंबईत न मिळणारी कमाई आहे. उद्यान एक्सप्रेस सोलापूरवरूनच जाते, त्यामुळे घरच्यांची ‘फार लांब’ ही तक्रारही फार टिकत नाही.

तोटे दोन. मोठ्या संस्थेत रुग्ण चाळून येतो: आधी दोन-तीन डॉक्टर झालेले, तपासण्या झालेल्या, बहुधा निदानाचा अंदाजही लिहिलेला. पहिल्यांदाच येणारा, ‘झोप येत नाही, छातीत धडधडतं’ एवढंच सांगणारा माणूस तिथे कमी दिसतो, आणि इथे दिवसभर तोच दिसतो. शिवाय सायकॉलॉजिस्टचा अहवाल आणि एमआरआय हाताशी असण्याची सवय लागते. ती सुटायला इथे आल्यावर वर्ष जातं. दुसरा तोटा उघड आहे. तीन वर्षांत ओळखी तिथल्या होतात, जोडीदार तिथला मिळतो, नोकरीचा फोनही तिथूनच येतो. परत येईन म्हणणारे सगळे खोटं बोलत नसतात. पण परतीची गाडी पकडणारे थोडेच.

सोलापूर

वैशंपायन महाविद्यालय १९६३ पासूनचं, आणि त्याचं रुग्णालय, सिव्हिल, म्हणजे जिल्ह्याचंच नव्हे, शेजारच्या धाराशिव, विजयपूर, कलबुर्गीकडच्या लोकांचंही आशास्थान. मानसोपचाराच्या जागा मोजक्या असतात, म्हणून त्या वर्षीचा सीट मॅट्रिक्स (जागांचा तक्ता) तपासल्याशिवाय काही गृहीत धरू नका.

वर सांगितलेलं काम, म्हणजे विष, फिट, दारू, बाळंतीण, प्रमाणपत्रं, हे सगळं सर्वसाधारण रुग्णालयाचं काम आहे आणि ते सर्वसाधारण रुग्णालयातच शिकता येतं. निवासी डॉक्टर कमी असले की जबाबदारी लवकर येते. पहिल्याच वर्षी रात्रीच्या कॉलला तुम्ही एकटे उभे राहता. भीती वाटते. हात तयार होतो. चार भाषांचे रुग्ण रोज समोर येतात, आणि तीन वर्षांत तेलुगूतले झोप, भूक, भीतीचे प्रश्न विचारता येऊ लागतात.

शिवाय आता डीआरपी (डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सी प्रोग्राम) आहे: पीजीच्या मधल्या काळात तीन महिने जिल्हा पातळीच्या आरोग्य व्यवस्थेत काम, सगळ्याच शाखांना सक्तीचं. बरेच जण हे तीन महिने सुट्टीसारखे घालवतात. सोलापूरच्या विद्यार्थ्याने ते पंढरपूर किंवा बार्शीकडे मागून घ्यावेत, कारण तोच वैद्यकीय अधिकारी, तीच आशाताई आणि तोच फार्मासिस्ट पुढे त्याचे सहकारी असणार आहेत. बंगळुरूहून आलेल्याला ही ओळख शून्यातून करावी लागते. थीसिससाठीही विषय दारात आहेत: विडी कामगार बायका, यंत्रमागावरची रात्रपाळी, कुंभारीच्या कामगार वसाहती. एमडीचा प्रबंध धूळ खात पडतो म्हणतात. असल्या विषयावरचा पडणार नाही.

उणीव कुठे आहे? मोजक्या शिक्षकांच्या कुठल्याही विभागात असते तिथेच. थेरपीचं पर्यवेक्षण कमी पडतं, ओपीडीच्या गर्दीत मानसोपचार म्हणजे गोळ्या लिहिणं एवढाच होत जातो. लहान मुलांचे आजार पुरेसे दिसत नाहीत. सेमिनार घेणारा एक शिक्षक बदलून गेला की वर्षाचं वेळापत्रक बदलतं. हे भरून काढता येतं, पण स्वतः धडपड करून. बाहेरच्या संस्थेत काही आठवड्यांची पोस्टिंग मागा, आणि एमडीनंतर एक वर्ष बाहेर काढा. निम्हान्समध्ये समाजाधारित मानसिक आरोग्यातली एक वर्षाची फेलोशिप आहे, ती अशांसाठीच.

एमडी न करता

एमबीबीएसच्या इंटर्नशिपमध्ये मानसोपचाराला दोन आठवडे मिळतात. बहुतेक आरोग्य केंद्रांतले डॉक्टर तेवढ्याच शिदोरीवर काम करतात. २०१७ च्या कायद्याचं कलम ३१ सांगतं की सरकारी दवाखान्यांतल्या आणि तुरुंगांतल्या सगळ्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना मूलभूत मानसोपचाराचं प्रशिक्षण द्यायचं. ते मागणं हा तुमचा हक्क समजा. निम्हान्सची डिजिटल अकादमी २०१८ पासून डॉक्टरांसाठी ऑनलाइन अभ्यासक्रम चालवते. कर्नाटकात याहून चांगली पद्धत वापरली गेली: तज्ज्ञ व्हिडिओवरून डॉक्टरच्या स्वतःच्या ओपीडीत बसतो, आणि समोर त्या डॉक्टरचाच रुग्ण असतो. व्याख्यानापेक्षा हे शंभरपट बरं.

या पातळीवरच्या कामाने फरक पडतो का? विदर्भात अमरावती जिल्ह्यातल्या गावांत ‘विश्राम’ प्रकल्प झाला. गावातल्याच प्रशिक्षित लोकांनी समुपदेशन केलं, डॉक्टर आणि तज्ज्ञ वरच्या पायऱ्यांवर होते. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारासाठी संपर्क साधणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून दीड वर्षात २७.२ टक्क्यांवर गेलं. तज्ज्ञ तिथेही लागलाच, पण तो एकटा असता तर हे झालं नसतं.

मर्यादाही लक्षात ठेवा. छोट्या प्रशिक्षणाने तुम्ही कायद्याने मानसोपचारतज्ज्ञ होत नाही, पाटी लावता येत नाही. तातडीच्या वेळी मात्र कुठलाही नोंदणीकृत डॉक्टर कलम ९४ प्रमाणे ७२ तासांपर्यंत उपचार देऊ शकतो, शॉक ट्रीटमेंट सोडून. हे आरोग्य केंद्रातल्या फार थोड्या जणांना माहीत असतं, आणि म्हणून हिंसक झालेला रुग्ण दोरीने बांधून थेट सोलापूरला आणला जातो. दुसरी मर्यादा एकटेपणाची. अडलं तर फोन कुणाला करायचा हे ठरलेलं नसेल, तर सहा महिन्यांत तुम्ही पुन्हा सगळ्यांना मल्टिव्हिटॅमिन आणि झोपेची गोळी लिहायला लागाल. टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर रुग्णांसाठी चांगला आहे, तुम्हाला मात्र नाव माहीत असलेला तज्ज्ञ हवा.

डीएनबी, डिप्लोमा, पैसा

डीएनबी (राष्ट्रीय परीक्षा मंडळाची पदव्युत्तर पात्रता) तीन वर्षांचं, दर्जाने एमडीच्या बरोबरीचं. रुग्णालय खासगी असेल तर तिथे कोणता रुग्ण येतो तेवढं बघा. दोन वर्षांचं डीपीएम (मानसोपचाराची पदविका) कमी होत चाललंय, अनेक जागा एमडीत बदलल्या. सीपीएसची (मुंबईच्या कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्सची) पदविका घेणार असाल तर नोंदणीचे ताजे नियम वाचल्याशिवाय पैसे भरू नका. अभिमत विद्यापीठाची फी कर्ज काढून भरायची असेल, तर मोहोळ-माढ्यात काम करण्याचा विचार तिथेच संपला असं समजा. हप्ता तुम्हाला शहरात नेईल.

माझं मत

ज्याला इथेच काम करायचंय त्याने सोलापुरात एमडी करावं आणि चौथं वर्ष बंगळुरूला काढावं. उलटा क्रम कागदावर सारखाच दिसतो, पण तीन वर्षं बाहेर राहिलेला माणूस चौथ्या वर्षी सोलापूरला येतोच असं नाही. निम्हान्सची जागा पहिल्याच फेरीत मिळाली तर? बालमानसोपचार किंवा शिकवणं यात रस असेल तर जा, जिल्ह्याला शिकवणाऱ्यांचीही तेवढीच गरज आहे. नुसत्या नावासाठी जात असाल तर थांबा.

सेवेत कायम झालेल्या, पस्तिशी ओलांडलेल्या, मुलं शाळेत असलेल्या डॉक्टरने तिसरा मार्ग आधी धरावा, आणि सेवेतल्यांसाठीच्या कोट्यातून एमडीची वाट पाहावी. त्या कोट्याचे नियम बदलत राहतात, म्हणून दर वर्षी सीईटी सेलचं माहितीपत्रक नव्याने वाचावं.

चॉइस फिलिंगच्या (जागांचा पसंतीक्रम भरण्याच्या) आधी ज्या विभागाचा विचार आहे तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या निवासी डॉक्टरला फोन करा. पहिल्या वर्षाचा फार थकलेला असतो आणि तिसऱ्याचा परीक्षेत अडकलेला. त्याला विचारा: थेरपीचं सत्र कुणी ऐकतं का? डीआरपीला कुठे पाठवलं? लिथियमची पातळी रुग्णालयातच होते की बाहेर? आणि मागच्या बॅचेसपैकी तालुक्याच्या गावी कोण आहे? शेवटच्या प्रश्नाला नाव आणि गाव मिळालं, तर त्या माणसाचा नंबर घेऊन त्यालाही फोन करा.