ॲक्सोलॉटल की झेनोपस?

पुनर्जननावर, म्हणजे तुटलेला अवयव परत उगवण्यावर, काम करायचं म्हटलं की पहिलं नाव ॲक्सोलॉटल या पाण्यात राहणाऱ्या सॅलॅमँडरचं निघतं, आणि ते रास्तच आहे. पूर्ण वाढलेल्या प्राण्याचा पाय छाटला, तरी जखमेवर त्वचा सरकते, खाली ब्लास्टेमा (नवा अवयव घडवणाऱ्या पेशींचा गोळा) साठतो आणि हाड, स्नायू, नसा जागच्या जागी परत येतात. हे बेडकाच्या नशिबी नाही. झेनोपस या आफ्रिकी बेडकाच्या डिंभाच्या, म्हणजे शेपटीवाल्या पिल्लाच्या, मागच्या पायाचा कोवळा अंकुर कापला तर अख्खा पाय उगवतो. डिंभाचं बेडकात रूपांतर जवळ येईल तशी नव्याने उगवलेल्या पायाची बोटं कमी होत जातात. छोट्या बेडकाचा पाय कापला की नुसती कूर्चेची निमुळती काडी येते. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलीत तर तिला ना सांधा, ना बोट.

तरीही आमच्या फोंड्याच्या प्रयोगशाळेसाठी मी झेनोपस ट्रॉपिकॅलिस या जातीकडे झुकलो, ते चिलरपायी, म्हणजे पाणी थंड करणाऱ्या यंत्रापायी. ॲक्सोलॉटलला पाणी 16 ते 18 अंशांचं हवं. मे महिन्यात आपल्याकडे नळाचं पाणीच कोमट येतं. चिलर पाण्यातली उष्णता खोलीत ओततो, खोली तापते, की चिलर आणखी जोरात धावतो. त्यात दुपारी लाईट गेली की फ्रीजरमधल्या बर्फाच्या बाटल्या टाकीत सोडत बसायचं. तोवर प्राणी खाणं सोडतो, शेपटीचं टोक वळवून कोपऱ्यात पडून राहतो. अशा ताणाखाली वाढलेल्या ब्लास्टेमाच्या मोजमापांवर माझा तरी विश्वास बसत नाही. तुमच्याकडे जनरेटर असेल, तर गोष्ट वेगळी.

ट्रॉपिकॅलिसला 24 ते 26 अंश चालतात. उन्हाळा सोडला तर आपल्या हवेशी त्याचं बऱ्यापैकी जमतं. (झेनोपसची दुसरी जात, लेव्हिस, घेऊ नका, त्याला याहून थंड लागतं.) जीनोमही (पेशीतला सगळा डीएनए) आटोपशीर, सुमारे 1.7 अब्ज बेस, म्हणजे डीएनएची अक्षरं. ॲक्सोलॉटलचा 32 अब्ज. ट्रॉपिकॅलिस काही महिन्यांत वयात येतो, ॲक्सोलॉटलला वर्षभर लागतं.

मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे, की अवयव येणं आणि न येणं, दोन्ही इथे एकाच प्राण्यात भेटतात. काय बदललं ते शोधायला तुलना हाताशीच असते. बेडकाच्या डिंभांना कमी लेखू नये. भुवनेश्वरच्या उत्कल विद्यापीठातल्या संशोधकांनी 1992 मध्ये दाखवलं, की शेपूट कापलेल्या डिंभांना अ जीवनसत्त्व दिल्यावर शेपटीच्या जागी पाय उगवतात.

प्रौढ शरीर हे कसं साधतं, हाच तुमचा प्रश्न असेल तर ॲक्सोलॉटलला पर्याय नाही. पण एमएस्सीच्या विद्यार्थ्याला वर्षभरात निकाल हवा असेल, तर मी ट्रॉपिकॅलिसच सुचवेन. प्राणी नैतिकता समितीचा अर्ज मात्र दोन्हींसाठी लागतो, तो आधी टाका.