‘खास रियाजासाठी’ असं सांगून विकलेला म्युझिक प्लेअर

गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर गेल्या वर्षी एका म्युझिक प्लेअरची जाहिरात फिरत होती. आता तीच नाव बदलून पुन्हा फिरते आहे, म्हणून हे लिहायला बसले. ‘खास रियाजासाठी’, ५१२ जीबी, हाय-रेझोल्यूशन आवाज, आत दोन स्वतंत्र क्रिस्टल (आवाजाची गती नेमकी राखणारे बारीक भाग), ३,००० एमएएचची बॅटरी, आणि वर जुन्या उस्तादांच्या दुर्मिळ ध्वनिमुद्रणांचा संच भेट. किंमत साडेआठ हजार. मी मिरजेत पेटी शिकवते, साथीलाही बसते. मी आणि माझ्याकडे शिकणारे दोघे, अशा तिघांनी तो घेतला. त्यातला एक शाळेत शिपाई आहे आणि गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवतो. महिनोन्‌महिने बाजूला टाकलेले पैसे त्याने यात घातले. माझे गेले त्यापेक्षा त्याचे गेले याचा संताप मला जास्त आहे.

फोन असताना वेगळा प्लेअर कशाला, असं पुष्कळ जण विचारतात. रियाज करणाऱ्याला त्याची गरज खरोखर असते. फोनवर तानपुरा लावलेला असतो, त्याच फोनवर तालीम ऐकायची म्हटलं की एक बंद करून दुसरं लावायचं. मधेच कुणाचा फोन आला की बसलेली बैठक मोडते. ब्लूटूथवर आवाज किंचित उशिरा पोचतो, त्यामुळे त्याच्याबरोबर वाजवणं जमत नाही; वायरचाच हेडफोन लागतो, आणि हल्लीच्या बऱ्याच फोनना त्याचं भोकच नसतं. एखादी तान दहा वेळा ऐकायला दोन खुणांमधला तुकडा परत परत वाजवण्याची सोय हवी, आणि सूर न उतरवता लय कमी करता आली तर सोन्याहून पिवळं. खेड्यातल्या विद्यार्थ्याला नेटवर्क नसतानाही सगळं जवळ हवं असतं. विकणाऱ्याला हे सगळं नेमकं ठाऊक होतं. कुणा वादकानेच त्याला पढवलं असावं इतकं नेमकं.

तो माणूस वर्गावर येऊन प्लेअर दाखवून गेला. बोलणं नम्र, ‘ताई’शिवाय शब्द नाही. बासरीचा एक तुकडा लावला. मी माझा हेडफोन लावून ऐकला, तानपुऱ्याशी जुळवून पाहिला. सूर चोख, आवाज स्वच्छ. संगणकाला जोडून ५१२ जीबीचा आकडाही त्याने दाखवला. बिल मागितलं तेव्हा ‘ऑफिसमधून कुरिअरने येईल’ म्हणाला. पैसे यूपीआयने एका व्यक्तीच्या नावावर गेले. पटलं नाही तर सात दिवसांत परत, हे त्याने चॅटवर लिहून दिलं होतं.

मग मी त्यात गुरुजींच्या तालमीचं ध्वनिमुद्रण भरलं. या जुन्या कॅसेटी. प्रत्येक डेकची गती थोडी वेगळी असते, म्हणून संगणकावर घेताना एकेक कॅसेट ट्यूनरवर, म्हणजे सूर मोजणाऱ्या साधनावर, तपासून सुरात आणलेली. गुरुजी काळी एकमध्ये गात, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी हा त्यांचा षड्ज. वर्गात यमन लावला आणि भजनी मंडळवाला विद्यार्थी पहिल्याच आलापाला म्हणाला, ‘बाई, गुरुजींचा आवाज असा बारीक का लागतोय?’ मी पेटीवर काळी एक दाबली. जुळेना. पांढरी दोन दाबली, प्लेअरचा षड्ज तिच्या वर. काळी दोन दाबली, तर तिच्या खाली. गुरुजींचा षड्ज दोन पट्ट्यांच्या मधोमध, जिथे पेटीला पट्टीच नाही अशा जागी उभा होता. लयही पळत होती. तासाभराची तालीम पंचावन्न मिनिटांत संपली.

या आकड्यांतच दोष कुठे आहे ते कळतं. सीडीच्या जातीच्या फाइलमध्ये आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने असतात. फोनवरची आणि व्हिडिओची मुद्रणं बहुधा ४८,०००ची असतात. चांगल्या प्लेअरमध्ये दोन्हींसाठी वेगळे क्रिस्टल असतात, एक २२.५७९२ मेगाहर्ट्‌झचा आणि एक २४.५७६चा, किंवा एकाच क्रिस्टलवर नीट गणित करून नमुने बदलून घेतलेले असतात. आमच्या प्लेअरमध्ये यातलं काहीच नव्हतं. फाइल कुठलीही असो, तो ती ४८,०००च्याच वेगाने पळवायचा. त्यामुळे ४४,१००ची प्रत्येक फाइल पावणेनऊ टक्क्यांहून थोडी जास्त वेगाने वाजायची, म्हणजे सूर जवळपास दीड पट्टी वर. गुरुजींच्या फाइली ४४,१००च्या, म्हणून त्यांचा काळी एकचा षड्ज बरोबर त्या मधल्या जागी जातो. बासरीचा तुकडा ४८,०००चा होता, म्हणून तो सुरात वाजला. आम्हा तिघांनाही त्याने तोच एक तुकडा ऐकवला होता.

गाणी नुसती कानावर घालणाऱ्याला कदाचित हे जाणवणारही नाही. शिकणाऱ्याचं मात्र यात फार नुकसान होतं. एवढा मोठा फरक निदान लगेच कळतो. अर्धा-एक टक्क्याचा फरक कळतही नाही. सव्वा टक्का गती वाढली की सगळं गाणं एका प्रमाणश्रुतीने, म्हणजे सुरांमधल्या एका बारीक अंतराने, वर सरकतं. नवा विद्यार्थी रोज त्याच्याशी गळा जुळवत राहिला तर चुकीची पट्टी त्याच्या कानात पक्की बसते, आणि ती काढायला गुरूला पुढे फार कष्ट पडतात.

पुढचा प्रकार मारव्याच्या तालमीत निघाला. विलंबित चालू, गुरुजी धैवतावर थांबलेले, आणि आवाज गेला. पडद्यावर वेळ पुढे सरकत होता, रेघ पुढे जात होती, कानात काहीच नाही. त्यानंतर भरलेल्या सगळ्या फाइलींची नावं दिसत होती, आकार दिसत होता. पण लावली की ‘फाइल चालत नाही’. पूरिया नाही, सोहनी नाही, भटियार नाही. कॉपी करताना संगणकाने एकदाही तक्रार केली नव्हती. मूळ मुद्रणं हार्ड डिस्कवर होती म्हणून गुरुजींचा ठेवा वाचला.

हा उद्योग फ्लॅश मेमरीत जुना आहे. पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्डं अशीच विकली जातात. चिपवरचा नियंत्रक असा बदललेला असतो की तो संगणकाला ५१२ सांगतो. आत जागा असते ३२. ३२ भरले की पुढचं जे येईल ते ‘मिळालं’ म्हणून स्वीकारायचं आणि सोडून द्यायचं. ३२ जीबीत सीडीच्या दर्जाचं जेमतेम पन्नास तासांचं संगीत मावतं, म्हणून थोडं भरणाऱ्याला महिनोन्‌महिने पत्ता लागत नाही.

भेट म्हणून दिलेला संच मी संगणकावर उघडून पाहिला. फाइलींवर ‘२४ बिट, १९२ किलोहर्ट्‌झ’ असं लिहिलेलं. स्पेक्ट्रोग्रामचा एक फुकट प्रोग्राम आहे, स्पेक नावाचा. त्यात आवाजातल्या कंपनांचं चित्र दिसतं. बहुतेक फाइलींत १६ किलोहर्ट्‌झच्या वर सगळं काळं, सुरीने कापावं तसं सरळ. कमी दर्जाची एमपी३ तशी दिसते. तीच एमपी३ फुगवून मोठ्या फाइलमध्ये घातली होती. त्यात किराणा घराण्याचे थोर गायक अब्दुल करीम खाँसाहेब यांच्याही रेकॉर्ड होत्या, आणि इथे मला फार वाईट वाटलं. खाँसाहेब मिरजेत राहिले, दर्ग्यात त्यांनी सेवा केली, १९३७ साली गेले. त्यांच्या मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या तबकड्यांची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांची. त्या काळच्या मुद्रणात वरची कंपनं मुळात आलेलीच नाहीत. फाइल १९२ किलोहर्ट्‌झची केली म्हणून ती येणार कुठून? मिनिटाला ६९ एमबी एवढी जागा मात्र खाल्ली जाते. ज्या गावात त्यांचं नाव घेतलं की लोक कानाला हात लावतात, तिथेच त्यांच्या नावावर हा माल खपवला.

मी त्या माणसाला फोन केला. आधी म्हणाला, तुमच्या फाइली खराब. मग म्हणाला, सॉफ्टवेअर अपडेट पाठवतो. ते आलं नाही, सात दिवस मात्र गेले, आणि मग ‘मुदत संपली, ताई’. पुढे नंबरच बंद.

परत घेणार नाही हे नक्की झाल्यावर तिघांतला एक प्लेअर आम्ही ओळखीच्या मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे उघडला. बाकीचे दोन पुराव्यासाठी जसेच्या तसे ठेवले. आत एक साधं मायक्रो-एसडी कार्ड पिवळ्या टेपने चिकटवलेलं. क्रिस्टल एकच. बॅटरीवर ५०३०४० छापलेलं, म्हणजे ५ मिलिमीटर जाड, ३० रुंद, ४० लांब. या मापाच्या बॅटरीत ५००-६०० एमएएच असतात, ३,००० बसूच शकत नाहीत. आणखी एक गोष्ट त्या दुरुस्तीवाल्याने दाखवली: खोक्यावर आयात करणाऱ्याचं नाव नाही, पत्ता नाही, कमाल किरकोळ किंमत नाही, कुठल्या देशात बनलं ते नाही. वेष्टनावर हे सगळं छापणं कायद्याने बंधनकारक आहे. उघडून बघण्याआधी नुसतं खोकं उलटंपालटं करून एवढं तरी कळतं.

प्लेअर घेणाऱ्याने, विकणारा समोर असतानाच, त्याची फाइल न लावता आपली लावावी. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्राममध्ये ४४० हर्ट्‌झचा एक सूर तयार करा, एकदा ४४,१००वर आणि एकदा ४८,०००वर जतन करा, दोन्ही प्लेअरमध्ये टाका. दुसऱ्या फोनवर ट्यूनर लावून आकडा बघा. दोन्ही वेळा ४४०च यायला हवा. आमच्याकडे एकदा ४४० आणि एकदा ४७९ आला. हे पेटीवर पाहू नका. पेटीचे सूर हवामानाने आणि वयाने हलतात, लहान फरक तिच्यावर पकडता येत नाही. ट्यूनर नसेल तर ठाऊक असलेल्या लांबीची तालीम लावून घड्याळ लावा.

जागा तपासायची ती सांगितलेला आकडा बघून नव्हे, पूर्ण भरून. विंडोजवर एच-टू-टेस्ट-डब्ल्यू आणि लिनक्स-मॅकवर एफ-थ्री हे फुकट प्रोग्राम रिकामी जागा काठोकाठ भरतात आणि लिहिलेलं परत वाचून ताडून बघतात. ५१२ जीबीला सहज सात-आठ तास आणि जास्तही लागतात, रात्रभर लावून ठेवावं. परतीची मुदत चालू असतानाच हे करा, आणि त्यात काही निघालं तर फोनवर बोलत बसू नका. लेखी कळवा, म्हणजे मुदतीत कळवल्याचा पुरावा राहतो. बिलाशिवाय आणि व्यक्तीच्या खात्यावर पैसे मागणाऱ्याकडून तर घेऊच नका, तो कितीही सुरेल बोलला तरी. माझं मत विचाराल तर ज्यांना मोठा संग्रह नको त्यांनी नावाजलेल्या कंपनीचा साधा, कार्ड घालता येणारा प्लेअर घ्यावा, आणि कार्ड वेगळं, पावतीसह. २४ बिट आणि १९२च्या मागे लागू नये. तालमीला सूर खरा लागतो, आणि तो १६ बिट, ४४.१मध्ये पुरेपूर मिळतो.

पैसे गेल्यावर पहिल्या काही तासांत सायबर फसवणुकीच्या १९३० या क्रमांकावर कळवलं तर रक्कम पुढे सरकण्याआधी रोखली जाण्याची शक्यता असते. आमच्या बाबतीत फसवणूक उशिरा उघडी पडली, म्हणून आता ग्राहक आयोगाचा रस्ता आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, विकणाऱ्याच्या गावी जावं लागत नाही. वस्तूसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची. त्याच कायद्याच्या ३५व्या कलमात, एकाच प्रकारे फसलेले पुष्कळ ग्राहक असतील तर आयोगाच्या परवानगीने सगळ्यांच्या वतीने एक तक्रार करण्याची सोय आहे. तशी तक्रार आम्ही तयार करत आहोत. सांगली-कोल्हापूरकडच्या भजनी मंडळांत आणि गायनवर्गांत हा प्लेअर आणखी कुणी घेतला असेल तर यूपीआयच्या व्यवहाराचा क्रमांक, चॅट आणि रिकामं खोकं सांभाळून ठेवा. आणि प्लेअर फॉरमॅट करू नका: नाव दिसतं पण वाजत नाहीत अशा त्या फाइलीच आयोगापुढे दाखवायच्या आहेत.