दहावीच्या वर्गात वापरलेली संभाव्यतेची साहित्यपेटी

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून शाळेसाठी साडेसहाशे रुपयांना घेतलेली संभाव्यता व सांख्यिकीची साहित्यपेटी मी दोन आठवडे दहावीच्या वर्गात वापरली. पेटीत चार फासे, नाणी, पत्त्यांचा एक जोड, मण्यांची पिशवी, माहितीची कार्डे आणि शिक्षकांसाठी पुस्तिका आहे. दैनंदिन माहितीचा मध्य (सरासरी), मध्यक (क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारी किंमत) व बहुलक (सर्वांत जास्त वेळा येणारी किंमत) काढता यावा आणि घटनेची संभाव्यता ठरवून ती व्यवहारात वापरता यावी, या दहावीच्या अध्ययन निष्पत्ती समोर ठेवूनच मी ती पारखली.

पत्त्यांनी मोठे काम केले. वर्गातल्या अनेक मुलांनी पत्ते कधी हातातच घेतलेले नव्हते. इस्पिक कोणते आणि किलवर कोणते हेच ठाऊक नसेल, तर 52 पत्त्यांतून काढलेला पत्ता चित्रपत्ता असण्याची संभाव्यता किती, हा प्रश्न पाठांतराखेरीज सुटणार कसा? बाकावर गुलाम, राण्या आणि राजे वेगळे काढल्यावर बारा भरले, आणि 12/52 म्हणजे 3/13 हे उत्तर एका मुलीने सूत्र न लिहिताच सांगितले.

फाशांबाबत मात्र तक्रार आहे. चारही फासे पांढरे असल्यामुळे, दोन फासे एकदम टाकल्यावर (2, 5) आणि (5, 2) हे दोन निराळे नमुना घटक, म्हणजे निराळे निकाल, आहेत हे मुलांना पटत नव्हते आणि नमुना अवकाशात, म्हणजे सर्व शक्य निकालांच्या यादीत, 36 ऐवजी 21 च जोड्या लिहिल्या जात होत्या. एक फासा लाल शाईने रंगवताच हा घोळ मिटला. बेरीज 7 येण्याचे सहा मार्ग आणि 2 येण्याचा एकच, हे त्यांनी स्वतः मोजून काढले.

पुस्तिकेत तर सरळ चूक आहे. फासा सहा वेळा टाकल्यास प्रत्येक अंक एकदा येईल, असे तिच्यात छापले आहे. वस्तुतः असे घडण्याची संभाव्यता 720/46656, म्हणजे दीड टक्क्याच्या आसपास आहे. संभाव्यता म्हणजे हमी नव्हे, हेच मुलांना उमगायला हवे, आणि नेमके तिथेच पुस्तिका त्यांना चुकीच्या वाटेला लावते.

सांख्यिकीची कार्डे सामान्य आहेत. वर्ग (आकड्यांचे गट) आणि वारंवारता (प्रत्येक गटातल्या नोंदींची संख्या) तयारच दिल्यामुळे मुलांना गृहीतमध्य पद्धतीची, म्हणजे एक अंदाजी मध्य धरून खरा मध्य काढण्याची, आकडेमोड करण्यापलीकडे काही उरत नाही. कारखान्यात नऊ कामगारांना प्रत्येकी 15,000 आणि मालकाला 1,65,000 रुपये मिळत असतील, तर मध्य 30,000 येतो, पण तेवढी मिळकत तिथे कोणाचीच नसते आणि मध्यक 15,000 च राहतो. असे एकही उदाहरण कार्डांत नसल्याने मला ते फळ्यावर लिहावे लागले.

पत्ते, मणी आणि फासे यांसाठी पेटी जरूर घ्यावी, एक फासा त्याच दिवशी रंगवावा आणि पुस्तिकेतले ते पान दुरुस्त केल्याखेरीज ती मुलांच्या हाती देऊ नये.