ठासणीची की काडतुसाची? पॅरिसच्या दोन जुन्या दुनळ्या

एकोणिसाव्या शतकातली पॅरिसची एखादी नक्षीदार दुनळी घ्यायचं ठरवलं असेल, तर कारागिराच्या नावाआधी एक गोष्ट ठरवा: तोंडातून दारू ठासून भरायची आणि टोपीवर, म्हणजे घोड्याखालच्या छोट्या स्फोटक कॅपवर, उडणारी ठासणीची, की पॅरिसचा बंदूककार लफोशो याच्या पद्धतीची, बिजागरीवर मोडून मागून काडतूस भरायची? लिआँला आल्यापासून मी दोन्ही बाळगल्या. आता एकच आहे.

नुसत्या नक्षीवर जायचं तर ठासणीची सरस, हे कबूल. ल पाज किंवा गास्तीन-रनेत या पॅरिसच्या नावाजलेल्या बंदूककारांच्या चांगल्या बंदुकीसमोर अर्धा तास सहज जातो. माझी इतक्या मोठ्या घराण्यातली नव्हती, तरी तिच्या पट्टीवर पोलादात कोरलेलं रानडुक्कर होतं, भोवती तीन कुत्रे. एका कुत्र्याचा कान कुणाच्या तरी अंगठ्याने घासून गुळगुळीत झालेला.

पण तिची नळी मागून बंद. तोंडातून कितीही बॅटरी मारा, आत काळोखच. वर्षभराने साफसफाईला गज आत सोडला, तर डाव्या नळीत तो चार बोटं अलीकडेच अडला. जुन्या बंदुका दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याने गजाला स्क्रू लावून आतलं ओढून काढलं: नमद्याची चकती, छर्रे आणि कोरडी ठणठणीत काळी दारू. म्हणजे वर्षभर दिवाणखान्यात सोफ्याच्या वर भरलेली बंदूक टांगली होती! विकणाऱ्याला फोन केला, तर म्हणाला, "मीही तशीच घेतली होती."

लफोशोची भानगड निराळी. खालची किल्ली फिरवली की नळ्या झुकतात. खिडकीकडे धरल्या की उजेडाची दोन वर्तुळं. गंजाचा एक खड्डासुद्धा लपत नाही. ही मांडणी १८३०च्या दशकातली. १८५१च्या लंडन प्रदर्शनानंतर इंग्रज कारागिरांनीही ती उचलली. तिच्यातही खोडी आहेत. बाहेर आलेल्या पिनेची काडतुसं आता सहज मिळत नाहीत, बिजागरी झिजते. मिटून जरा हलवून पाहा. खुळखुळली तर सोडून द्या. दमास्कस नळ्या, म्हणजे लोखंड-पोलादाच्या पिळलेल्या पट्ट्यांपासून घडवलेल्या, अंगावर वेटोळी नक्षी असलेल्या नळ्या, कुणी पॉलिश करून आरशासारख्या केल्या असतील, तरी सोडा. वेटोळी गेली की उरतं काय?

तुम्हाला शिकारीची दृश्यंच हवी असतील तर ठासणीची घ्या, मी अडवणार नाही. फक्त पैसे देण्याआधी गज आत घालून बोटाने खूण करा आणि तेवढाच बाहेरून नळीला लावून बघा; मागच्या टोकाच्या बराच अलीकडे थांबला, तर आत काहीतरी आहे.

माझ्याकडे पाहुणे अजून विचारतात, "भरलेली नाही ना?" मी उतरवतो, मोडतो आणि खिडकीकडे धरतो.